चाळून घेतली

कारखान्याच्या बॉयलरवर एक चाळणीमामा होते. त्यांचं खरं लग्न चाळणीशीच लागलंय, असं त्यांची बायको म्हणायची आणि मी ते गावभर पोचवायचो. मी तेव्हा गोदामात कारकून, म्हणजे रिकामाच.

त्या भट्टीत खालून वारा सोडला की कोळशाचा थर दूध उतू जावं तसा उसळायचा. कोळशातल्या गंधकाचा विषारी धूर बाहेर पडू नये म्हणून त्यातच चुनखडीची चुरी सोडत. ती धूर पिऊन घ्यायची. पण चुरी हवी जाड साखरेएवढी. खडा मोठा राहिला तर वरून कवच धरतो, आत कोराच्या कोरा. पीठ झालं तर काम करायच्या आधीच धुराड्यातून पसार. "माणसंही याच दोन प्रकारची," मामा म्हणायचे. एकतीस वर्षं प्रत्येक माल चाळून, चिमूट बोटांत चोळून वहीत एकच शेरा: 'चाळून घेतली.'

निवृत्तीला दोन महिने असताना खरेदी खात्यातल्या त्यांच्या जावयाने नवा स्वस्त माल आणला. मामांनी चिमूट चोळली. बोटं पांढरीफेक.

"जावईबापू, हे पीठ आहे."

"मामा, तुमची नजर गेली आता. सही करा. नाहीतर लेकीला न्यायला या." हसतच म्हणाला तो.

मामांनी न चाळताच शेरा लिहिला.

चौथ्या दिवशी धुराड्यावरचा विषारी धूर मोजणारा काटा टोकाला गेला. तपासणीवाले आले, बॉयलर बंद. जावयाने वही पुढे केली. मामांनी तोंड उघडलं, तेवढ्यात जावई सहज म्हणाला, "लेकीला काही निरोप आहे का?"

"चूक माझी," मामा म्हणाले. नोकरी गेली.

शेवटच्या दिवशी जावयाने सगळ्यांना चहा पाजला. कप उंचावून म्हणाला, "एकतीस वर्षं चुना चाळला आणि जाता जाता आम्हालाच लावला."

आम्ही पोट धरून हसलो. मला तर ठसका लागला. गोणी फोडताना ते पीठ मीही पाहिलं होतं. मामाही हसले, जरा उशिराने, बोटं पँटला पुसत.

जावयाला बढती मिळाली. महिन्याभरात लेक बॅग घेऊन माहेरच्या दारात उभी. चुना लावणाऱ्याची पोर साहेबाच्या घरात शोभत नाही, असं जावईबापूंचं म्हणणं.

हेही गावभर मीच पोचवलं.