पन्नास फुटांची बोट, सात फुटांचा संसार

जुन्या बोटीत पाणी शिरत नाही एवढे किस्से शिरतात. आमच्या सुधीरच्या बोटीतून मी बादल्या भरभरून उपसले, तरी तळ दिसत नाही. थोडा मीठमसाला माझा असेल, पण बोट खरी आहे!

सुधीर हा अमेरिकेतल्या बॉथेल गावातला माझा शेजारी. दिवसभर कोड लिहितो. गेल्या वर्षी त्यानं एक जुनी लोखंडी बोट घेतली. इंग्लंडच्या कालव्यांत असतात तशी, पन्नास फूट लांब आणि सात फूट रुंद. गंज एवढा की नुसतं बघितलं तरी शर्ट केशरी!

त्याची बायको मंजिरी आत शिरली. दोन्ही कोपरं दोन्ही भिंतींना.

"अरे, यात वळायचं कुठे?"

"वळायचं नाही. सरळ पुढच्या दारानं बाहेर पडायचं."

"बरं," म्हणाली, आणि पडली की बाहेर! आठवडाभर फिरकली नाही.

*

बोट बांधायची जागा भाड्यानं देणाऱ्या मरीनाचा मॅनेजर डेल. सहा फूट चार इंच उंच, बोलणं मात्र तुटक. त्यानं बजावलं, "ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी येईन. रंग झालेला हवा. बोट स्वतःच्या इंजिनावर डिझेलच्या धक्क्यापर्यंत जाऊन परत यायला हवी. नाहीतर जागा खाली." दुसरीकडे जागा मिळणं अशक्य, म्हणजे बोट भंगारात!

बजेट संपत आलेलं. मग दुकानातल्या कोपऱ्यातून, चुकीची शेड निघाली म्हणून लोकांनी परत केलेले तीन डबे आणले. एकाही डब्यात बोट पुरी होईना, म्हणून तिन्ही एकत्र ढवळले. जो काय रंग निघाला, तो बघून सुधीरनं डब्याचं झाकण परत लावलं.

रंग लागला आणि डेल सहज चक्कर मारायला आला. "हा कुठला कलर?"

मंजिरी शांतपणे म्हणाली, "आमसूल."

"इम्पोर्टेड?"

"ऑफ कोर्स. कोकण!"

दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या बोटवाल्यानं शेड नंबर मागितला.

*

जुन्या कपाटाच्या दाराचा सुधीरनं फोल्डिंग ओटा केला. फोनवर लेव्हल बघितली, परफेक्ट. मंजिरीनं रेशन भरलं, पोळ्यांना बसली, तर लाटणं डावीकडे पळालं. सुधीरनं ओट्याचा पाय कापला. तरी पळालं. परत कापला. ओटा गुडघ्याला आला!

सुधीरचे वडील, म्हणजे आमचे काका, अकोल्याहून उन्हाळ्यापुरते आले होते. काका बराच वेळ गंमत बघत होते.

"अरे, ओटा सरळच होता. बोट वाकडी आहे!"

कणीक, तांदूळ, डाळी, सगळ्या वीस-वीस पौंडांच्या पिशव्या डावीकडच्या कपाटात! दुसरं कपाट होईपर्यंत उपाय एकच. काकांना उजवीकडे बसवलं.

"बाबा, शेवटची पोळी होईपर्यंत उठायचं नाही हं," मंजिरीनं बजावलं.

"शाबास! अमेरिकेत येऊन मी पासंग झालो!"

*

आणि तो रविवार. डेल हातात फॉर्म घेऊन हजर. सुधीरनं किल्ली फिरवली. इंजिन खाकरलं आणि गप्प. परत फिरवली, तेवढंही नाही. डेलनं पेनाचं टोपण काढलं. मंजिरीनं माझा दंड एवढा घट्ट धरला की वळ उठले.

काका उठले. "नारळ फोडल्याशिवाय वाहन हलतं का कधी? थांब त्याला म्हणावं. इंजिनाला हळदकुंकू लावून येतो."

डेल थांबला. पाच मिनिटांनी काका वर आले, ते पंच्याला हात पुसत. हात हळदीनं पिवळे असायला हवेत, ते होते काळेकुट्ट! धक्क्यावरच्या दगडावर नारळ आपटला, खोबऱ्याचा तुकडा डेलच्या हातावर ठेवला आणि सुधीरला म्हणाले, "हं, फिरव."

भडभडभड! आमसुली बोट डिझेलच्या धक्क्यापर्यंत गेली, वळली आणि दिमाखात परत आली. डेलनं सही केली. खोबरंही संपवलं.

चार दिवसांनी डेलचा सुधीरला फोन. "माझी बोट सुरू होत नाहीये. मिस्टर काका अजून आहेत? तिला दोन इंजिनं आहेत. नारळ एक पुरेल की दोन?"

सुधीरनं काकांना विचारलं. काकांनी चहाचा घोट घेतला.

"दोन आण म्हणावं. आणि दहा नंबरचा पाना!"