वैशाली काय म्हणाली होती

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. तुम्हाला का सांगतोय – तेही मला नीट माहीत नाही.

माझी बायको वैशाली कुंभारीकडच्या एका शाळेत गणित शिकवायची. सोलापुरातून रोज स्कूटीवर जाऊन-येऊन करायची. मी एका ऑफिसात क्लार्क. बाजारात तिचे जुने विद्यार्थी वाट अडवून पाया पडायचे, आणि मग माझ्याकडे बघून एकमेकांना सांगायचे – हे मॅडमचे मिस्टर. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी म्हणायचो.

मग तिचं डोकं दुखायला लागलं. खाली वाकली की जास्त. वर्षभर मी चष्म्याचा नंबर बदल म्हणत राहिलो. चूक तीही होती – पण ती सगळ्यांना माहीत आहे, तिची माफीही मागून झालीय. एक दिवस ती वर्गात फळ्यासमोरच कोसळली. एमआरआयमध्ये मेंदूच्या मधोमध गाठ निघाली. कॅन्सर नव्हता, पण त्या गाठीनं मेंदूतलं पाणी तुंबत होतं. ऑपरेशन लगेच करावं लागणार होतं.

आदल्या दुपारी न्हावी येऊन तिचे केस काढून गेला. ती बराच वेळ डोक्यावरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, "अहो, एक ऐका की. काही झालं तरी मला शाळा सोडू देऊ नका. मी घाबरून नको म्हणाले, तरी ढकला."

मी म्हणालो, "ढकलतो."

ऑपरेशन चांगलं झालं. फक्त आधीचे काही आठवडे तिच्या डोक्यातून पुसले गेले. तसं होऊ शकेल, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. नवीन गोष्टीही टिकेनात. गॅसवर दूध ठेवून ती कपडे वाळत घालायला जायची. डॉक्टर म्हणाले, सुधारेल, हळूहळू शाळाही जमेल.

आणि मी? मला त्या दिवसांत – कसं सांगू – बरं वाटत होतं. आज वार कोणता, गोळी घेतली का, दारात आलेली बाई कोण – सगळं ती मला विचारायची. मी सांगेन तेच खरं. आमच्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं.

रजा संपत आली तेव्हा चहा पिता पिता तिनं विचारलं, "शाळेचं काय करू हो? मी आधी काही बोलले होते का?"

उत्तर द्यायला मला विचारही करावा लागला नाही. "सोडते म्हणाली होतीस," मी म्हणालो. "बास झालं आता, असं म्हणालीस."

"मी? असं म्हणाले?"

"हो की."

तिनं विश्वास ठेवला. का नाही ठेवणार?

तिची काळजी होती, स्कूटीवर चक्कर आली असती – असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगून पाहिलं. ते खरं नाही.

तिनं राजीनामा दिला. मुख्याध्यापिका घरी येऊन थांबा म्हणाल्या, तर हिनंच त्यांना हात जोडले. पुढे ती चांगली बरी झाली. आता शेजारच्या मुलींना तोंडी गणितं घालते, एकही आकडा चुकत नाही. ते काही आठवडे मात्र परत आले नाहीत. निदान मला तसं वाटत होतं.

गेल्या महिन्यात माझी थोरली बहीण जेऊरहून आली. जेवताना तिनं विचारलं, "एवढी चांगली नोकरी का गं सोडलीस?"

"अहो ताई, ऑपरेशनच्या आधीच ठरलं होतं माझं," वैशाली म्हणाली. "मला लख्ख आठवतंय. हॉस्पिटलात खिडकीपाशी बसले होते. ह्यांचा हात धरला आणि म्हटलं, बास झालं आता. हे बिचारे नको नको म्हणत होते."

त्या खोलीला खिडकी नव्हती. मी मान डोलावली, आणि ताईच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.