चिंचदऱ्याची यात्रा कवा हाय?

वडूजच्या पेठेत दबक्या आवाजात एक बातमी फिरत होती : दीपमालानं म्हणे चिंचदऱ्याची यात्रा विकली. कुणाला, तर पाळणेवाल्याला. किती घेतले, यावर मात्र एकमत नव्हतं. न्हाव्याच्या खुर्चीतले लोक पंचवीस हजार म्हणत, रसवंतीतले पन्नास, आणि ज्यांनी आयुष्यात कुणाला चहा पाजला नाही ते लाखाच्या खाली यायला तयार नव्हते. त्या पैशातून पाटल्या झाल्या, असंही एकीनं शपथेवर सांगितलं. पाटल्या कुणी पाहिल्या नव्हत्या. पण न पाहिलेला दागिना नेहमीच जाड असतो.

ही दीपमाला शिराळ्याकडची लेक, वडूजला दिलेली. नवरा फौजेत, घरात सासू चंद्राबाई आणि एक जुना कॉम्प्युटर. नऊ वर्षांपूर्वी नवरा खास रजा काढून बायकोला तिच्या आजोळच्या यात्रेला घेऊन गेला, तर यात्रा आधल्याच आठवड्यात झालेली. देवळापुढं नुसते नारळाच्या शेंड्यांचे ढीग. त्या रागात तिनं इंटरनेटवर एक पान काढलं : ‘यात्रा कवा हाय’. सातारा-सांगलीतल्या गावोगावच्या यात्रांच्या तारखा, आत दर गावाचं वेगळं पान.

त्यात काय मोठं, पंचांग बघावं, असं शहरातला माणूस म्हणेल. पण यात्रा पंचांगात लिहिलेली असली तरी भरते गावाच्या मनावर. अष्टमी बुधवारी आली की पुण्यातली पोरं रजा नाही म्हणून कुरकुरतात, मग ती रविवारवर ढकलायची. कधी तमाशाची सुपारी शेजारच्या गावानं आधी दिलेली असते. मानकऱ्याच्या घरात कुणी गेलं की सुतक. हे सगळं पारावर ठरतं आणि ते गुरवाला ठाऊक असतं. म्हणून दीपमालाचं काम म्हणजे गुरवांना फोन करणं. तीनशे बारा गावं, तीनशे बारा गुरव. गुरव आधी तब्येत विचारणार, मग पाऊसपाणी, मग पुतणीला एखादं स्थळ बघायला सांगणार, आणि तारीख सगळ्यात शेवटी, तीही ‘बघू’ म्हणून.

“जगातल्या गुरवांशी बोलतीस,” चंद्राबाई टोमणा मारायची. “माझ्या लेकाला कवा फोन करशील?”

“त्यांच्या रजेची तारीख ठरली की करते, आत्या.”

पण पान चाललं. चाकरमाने, माहेरवाशिणी, खेळणीवाले, बैलांच्या शर्यतीवाले, सगळे तिथं येऊन बघायचे. कडेच्या जाहिरातींतून घराला हातभार लागायचा. दुसरी बाई सकाळी धार किती निघाली ते बघते, तशी ही काल किती माणसं आली ते बघायची. चैत्रात दिवसाला तीस हजार.

मग लोकांच्या हातातल्या फोनचा स्वभाव बदलला. आधी त्याला काही विचारलं की तो बोट दाखवायचा : जा, त्या दीपमालाकडं. आता तो स्वतःच सांगायला लागला. सगळ्यात वर, चौकटीत, आयतं उत्तर. तारखा तिच्याच पानावरून उचललेल्या, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत तिचं नाव. माणसं चौकट वाचून परत फिरू लागली. घाम गाळून भाकऱ्या हिनं थापायच्या आणि हा वाढपी त्या उंबऱ्यावरच वाटून मोकळा! तीस हजारांचे दोन हजार झाले. तिनं मथळे बदलले, देवळांचे फोटो टाकले. साताऱ्यात इंटरनेटच्या शोधात पान वर आणायला शिकवणाऱ्या जयराजचा क्लास होता, त्याला फोन लावला.

“ताई, खरं सांगू?” जयराज म्हणाला. “आता माझाच क्लास कुणाला सापडंना.”

तरी ती गुरवांना फोन करत राहिली. गुरव अजून तिलाच आधी सांगत होते, तेवढ्यावर तिचा जीव टिकून होता.

यंदा चिंचदऱ्याच्या सिदोबाची यात्रा ठरली होती बारा एप्रिलला, रविवारी. सात तारखेला दुपारी केरबा गुरवाचा फोन आला.

“दीपमाला, लिवून घे. थोरला अर्जुना मानकरी गेला. यात्रा आठ दिस पुढं, एकोणीसला.”

“आवं केरबामामा, नक्की का?”

“सुतकात पालखी उठती व्हय? नक्की!”

दहा मिनिटांत तिनं तारीख बदलली, लाल अक्षरांत. मग सहज स्वतःच्याच फोनला विचारलं. चौकट म्हणाली, बारा. दुसऱ्या दिवशी, बारा. तिनं उत्तराखाली ‘चुकीचं आहे’ यावर बोट दाबलं. अभिप्रायाबद्दल आभार मानण्यात आले. तिनं पानावर ठळक लिहिलं, ‘बारा तारखेला यात्रा नाही’. चौकटीनं त्यातले बारा तेवढे घेतले. आता फोन करायचा तर कुणाला? तीनशे बारा गुरवांचे नंबर तिच्याकडं होते. ह्या वाढप्याचा नंबरच नव्हता.

बाराला पहाटेची एसटी धरून ती चिंचदऱ्याच्या फाट्यावर जाऊन उभी राहिली. येणारी गाडी थांबवायची आणि हात जोडून माघारी लावायची. नऊवारीतल्या म्हाताऱ्या, ओटीचं सामान, पुण्याच्या पाट्यांच्या मोटारी. काहींनी ऐकलं, काही “बाई खुळी हाय” म्हणून पुढं गेले. नऊच्या सुमाराला सांगलीकडून दोन ट्रक आले. त्यांवर आकाशपाळणा, आणि पुढं मालक लालासाहेब.

“दादा, यात्रा आज न्हाई. एकोणीसला हाय.”

“कोण सांगतंय?”

“मी, दीपमाला. ‘यात्रा कवा हाय’ पान माझंच.”

लालासाहेबानं फोन तिच्या नाकासमोर धरला. “हे बघा. बारा. खाली नाव कुणाचं?”

“नाव माझं, पर तारीख माझी न्हाई.”

“मग तुमचं नाव तितं काय करतंय?”

“पान उघडून बघा की. तितं एकोणीस हाय.”

“आता पान कोण उघडतंय, बाई? हितं वरच लिवलंय की.”

तिचे डोळे भरलेले बघून तो वरमला. टपरीवरून त्यानंच तिला चहा आणून दिला. चिंचदऱ्याच्या दोघांनी तो चहा पाहिला.

“पर माघारी जायाचं डिझेल मला परवडायचं न्हाई,” लालासाहेब म्हणाला. “पाळणा उभा करतो, आठ दिस ऱ्हातो.”

“दादा, नगा. गावात सुतक हाय.”

त्यानं ऐकलं नाही. संध्याकाळी मानकऱ्याच्या दारात रडणं चाललेलं आणि माळावर रंगीत दिव्यांचा पाळणा उभा. गावाची मान खाली गेली, आणि मान खाली गेलेलं गाव आधी दुसऱ्याची मान शोधतं.

चार दिवसांनी केरबाचा फोन आला. यावेळी त्यानं तब्येत विचारली नाही.

“पोरी, गावकीनं ठरीवलंय. हितनं पुढं आमची तारीख तुला सांगायची न्हाई.”

“मामा, मी एकोणीसच लिवली हुती.”

“मला ठावं हाय गं. पर पारावर सगळ्यांच्या फोनात बारा, आनि खाली तुजं नाव. एकट्या गुरवानं काय बोलायचं?”

वैशाखात आणखी चाळीस गावांनी फोन उचलायचं सोडलं. ती रोज दुपारी लावते, घंटी वाजून बंद होते. चौकट मात्र त्या चाळीस गावांच्या तारखा अजून सांगते. गेल्या वर्षीच्या.

चंद्राबाई बाजारात एकदा भांडली. “माझी सून पैसं खानारी असती, तर मी ह्या पत्र्याखाली घामानं निथळत बसले असते व्हय गं?” बायका हसल्या आणि पाटल्यांचं वजन दोन तोळ्यांनी वाढलं.

खरं एवढंच आहे. दीपमालानं लालासाहेबाकडून चहा घेतला, दुसरं काही घेतलं नाही. सात एप्रिलला दुपारी तिनं तिच्या पानावर एकोणीस तारीख लिहिली आणि ती बरोबर होती. सात ते बारा एप्रिल या दिवसांत चिंचदऱ्याचं पान अकरा वेळा उघडलं गेलं. त्यातल्या नऊ वेळा तिनंच उघडलं होतं.