मान वाकडी करून धरलेला कान

पेठ वडगावजवळच्या आमच्या खेड्यात पोराचं शाळेत नाव घालताना जन्मतारीख कुणी विचारत नसे. पोरानं उजवा हात डोक्यावरून पलीकडं न्यायचा आणि डावा कान धरायचा. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं झालं असं समजायचं. मग गुरुजी रजिस्टरात एक जून लिहून मोकळे. आमच्या वयाची निम्मी माणसं त्यामुळं एकाच दिवशी जन्मली आहेत.

माझा कान लागला. माझ्या पाठची बहीण दीड वर्षानं लहान, ती नुसती बघायला आली होती. पण मला एकटीला शाळेत जायची भयंकर भीती वाटत होती. मी हळूच तिला सांगितलं, मान वाकडी कर. तिनं केली, बोटं कानाला टेकली, आणि गुरुजींनी तिलाही एक जून देऊन टाकली. आधार कार्डावर आजही आम्ही जुळ्या आहोत.

दहा वर्षं आम्ही एका बाकावर बसलो. मी दहावी पास झाले, ती गणितात गेली. वडिलांनी तिची शाळा थांबवली. पुढं मी कोल्हापुरात हायस्कूलला शिक्षिका झाले आणि ती सासरी म्हशींच्या धारा काढायला लागली. कुठली म्हैस कधी आटणार, कुणाच्या दुधात पाणी आहे, हे तिला लांबून कळतं. तरी कुणी काही विचारलं की ती आधी सांगणार, माझं डोकं कच्चं हाय. हे ती इतक्या शांतपणे सांगते की मला रडू येतं, आणि रागही.

यंदा जूनमध्ये तिच्या गावातल्या बायकांच्या दूध संस्थेनं तिला अध्यक्ष व्हा म्हणून गळ घातली. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. नाही कसं म्हणायचं ते विचारायला ती रविवारी माझ्याकडं आली. माझी नात तेव्हा स्वीडनहून सुट्टीला आली होती आणि भिंतीला तंगड्या लावून आंबा चोखत पडली होती.

बहिणीनं तिला इयत्ता विचारली. नात म्हणाली, सातवी झाली. वय विचारलं तर चौदा. बहिणीनं मला कोपरानं ढोसलं आणि पोर नापास झाली होती काय म्हणून कानात विचारलं. नातीला ते ऐकू गेलंच. ती हसत सुटली. तिच्याकडं पहिलीलाच पोरं सात वर्षांची असतात, नववी संपते तेव्हा सोळाची. तिच्या वर्गातली जर्मन मैत्रीण मात्र जर्मनीत असताना दहाव्या वर्षीच मोठ्या शाळेत गेली होती. इंग्लंडात अकराव्या वर्षी जातात, आणि अमेरिकेत हायस्कूल सुरूच होतं चौदाच्या सुमाराला. मी माझ्या मास्तरकी थाटात भर घातली, की आपल्याकडं दहावीच्या परीक्षेला मुलं पंधरा-सोळाची असतात.

हे बोलता बोलता मी पहिल्यांदाच बहिणीचं वय मोजलं. तीस वर्षं मी प्रवेशाच्या वेळी पोरांची वयं तपासली, दाखले पाहिले. बहिणीचं वय एकदाही मोजलं नव्हतं. स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावीशी वाटली. मी तिच्यासमोर जाऊन बसले.

"तू धावीला बसलीस तवा चौदाची हुतीस," मी म्हणाले. "ह्या पोरीएवढी. आन् मान वाकडी कर म्हणून मीच सांगितलंतं तुला."

ती नातीकडं वळून बघायला लागली. पोरीच्या कोपरापर्यंत आंब्याचा रस ओघळला होता.

"एवढीशी हुतो मी?" ती म्हणाली.

मग तिनं मला झापायला सुरुवात केली. इतक्या वर्षांचं होतं ते, चहा उकळून आटला तरी संपेना. तिचा हक्कच होता तो. शेवटी नातच मध्ये पडली आणि कान कसा धरायचा ते दाखव म्हणाली. बहिणीनं पदर खोचला, हात डोक्यावरून नेला आणि डावा कान धरला.

"मान सरळ हाय न्हवं, अक्का? नीट बघ," ती मला म्हणाली.

सोमवारपर्यंत ती थांबलीच नाही. माझ्यासमोरच तिनं संस्थेच्या सचिवबाईंना फोन लावला आणि अर्ज भरा म्हणून सांगितलं. तिकडून बाईंनी शिक्षण विचारलं असावं. बहिणीनं क्षणभर माझ्याकडं पाहिलं.

"धावी नापास लिवा," ती म्हणाली. "आन् त्याच्या फुडं लिवा, चौदाव्या वर्षी."