तीन बोटांचे पैसे

टर्नरच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली, तेव्हा तो टर्नरचं काम करतच नव्हता. प्रेसवरचा माणूस रजेवर होता, माल वेळेवर जायला हवा होता आणि फोरमनच्या मते लेथ काय नि प्रेस काय, शेवटी मशीनच. प्रेसपुढची जाळी काढून ठेवलेली होती, कारण जाळी असली की तासाला चाळीस नग कमी निघतात. बोटं गेल्यावर दुसऱ्याच दिवशी जाळी परत बसवली. परदेशातल्या कंपन्या शिस्तीच्या असतात म्हणतात, ते काही खोटं नाही.

भरपाईचा तक्ताही तयारच होता. अंगठ्याचा भाव सगळ्यांत जास्त, त्याखाली तर्जनी, मग मधलं, मग अनामिका. करंगळी जवळजवळ फुकटात. टर्नरची मधली तिन्ही गेली होती. कंपनीच्या वकिलाने सगळं नीट समजावून सांगितलं आणि अंगठा वाचल्याबद्दल कंपनीतर्फे त्याचं अभिनंदन केलं. रक्कम आली ती साधारण नऊ वर्षांच्या पगाराएवढी.

तिचं काय करायचं हे त्याने दवाखान्यातच ठरवलं होतं. ज्या वर्कशॉपमध्ये तो पोरसवदा असताना काम शिकला, ते म्हाताऱ्या मालकाने विकायला काढलं होतं. दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि पत्र्याची शेड. तीन महिने थांबतो, म्हणाला होता मालक. टर्नरला आता स्वतः जॉब लावता येणार नव्हता, पण टूल बोथट झालंय हे आवाजावरून ओळखायला बोटं लागत नाहीत. चालवणारे हात पगारावर मिळतात. फक्त पैसे त्याच्या स्वतःच्या खात्यावर जायला हवे होते. दादाच्या नाही.

दादा म्हणजे थोरला भाऊ. चौदा वर्षं टर्नरने घरी पाठवलेला पैसा दादाच्या खात्यावर गेला. घर एक, चूल एक, मग खाती दोन कशाला, हे दादाचं म्हणणं, आणि त्या वयात टर्नरला ते उदात्त वाटलं होतं. त्या पैशांतून, वर थोडं कर्ज काढून, दुमजली घर उभं राहिलं. चूल एकच राहिली. घराच्या कागदावर नावही एकच आलं. टर्नरच्या बायकोला आणि मुलीला मागची खोली मिळाली, तिथे भर दुपारी दिवा लावावा लागे. मुलीची फी भरायची झाली की बायकोने वहिनींना सांगायचं, वहिनींनी दादाच्या कानावर घालायचं आणि दादाने हात धुता धुता "बघू" म्हणायचं. पैसे आपले आणि हात मात्र मीच पसरायचा, हे बायकोने फोनवर पहिल्यांदा म्हटलं त्याला आठ वर्षं झाली होती. तेव्हा टर्नरने तिला समजुतीने घ्यायला सांगितलं होतं. हल्ली ते आठवलं की त्याचे कान तापत.

त्याचं स्वतःचं खातं होतं, नाही असं नाही. जायच्या आधी उघडलेलं, कधीच न वापरलेलं, म्हणून बँकेने बंद करून ठेवलेलं. ते चालू करायला एक फॉर्म लागे आणि फॉर्मवरची सही बँकेतल्या कार्डावरच्या सहीशी जुळावी लागे. कार्डावरची सही मोठी दिमाखदार होती. आडनावापासून निघालेली शेपटी दोन वळसे घेऊन पुन्हा पहिल्या अक्षराला येऊन भिडायची. बावीस-तेविसाव्या वर्षी सही ठरवताना माणूस आपण पुढेमागे मंत्री होणार हे गृहीत धरतो.

टर्नरने डाव्या हाताने सही करून फॉर्म पाठवला. तो परत आला: सही जुळत नाही, पूर्वीप्रमाणे करावी. त्याने डॉक्टरांचा दाखला आणि हाताचा फोटो जोडून पुन्हा पाठवला. दोन्हीची पोच मिळाली आणि खाली तेच वाक्य. ज्या बोटांचे पैसे होते, त्याच बोटांनी सही करून ते घ्यावेत, असा बँकेचा एकूण आग्रह होता. दोन महिने यातच गेले.

दादाचा मार्ग सोपा होता. माझ्या खात्यावर टाक, दोन दिवसांत मोकळा होशील, हे तो दर फोनला सांगायचा. टर्नर नको म्हणाला की दादा दुखावल्या आवाजात हवापाण्याचं विचारायचा. एक दिवस मात्र त्याचा आवाज खुशीत होता.

"झालं तुझं काम. खातं चालू करून घेतलं."

टर्नरने विचारलं, कसं?

"फॉर्म भरला, सही केली, दिला. तंतोतंत जुळली म्हणाले."

"सही कोणी केली?"

"कोणी म्हणजे? मीच. घराच्या कर्जाला तुला जामीन ठेवला तेव्हा केली होती ना, तेव्हापासून हात बसलाय माझा."

टर्नरने फोन खाली ठेवला. खोलीतला सोबती कांदा चिरत होता. त्याने टर्नरच्या तोंडाकडे पाहून सुरी थांबवली आणि हळूच विचारलं, घरचं कोण गेलं.

"कोणी नाही. सगळे ठणठणीत आहेत."

जगात टर्नरची सही करू शकणारा आता एकच माणूस उरला होता आणि तो टर्नर नव्हता. पैसे खात्यावर पडले की त्याच सहीने निघणार, एवढं कळायला लेथवर वीस वर्षं काढावी लागत नाहीत. त्याने रक्कम कंपनीकडेच राहू दिली आणि विमानाचं तिकीट काढलं. कळवलं फक्त बायकोला.

बायको बँकेच्या दारातच उभी होती. त्याच्या हाताचा फोटो तिने पाहिला होता, हात आज पाहत होती. तिने बॅग त्याच्याकडून काढून घेतली आणि म्हणाली, "चला आत. रडायचं ते नंतर बघू."

शाखाधिकारी सौजन्याने वागला. सही बदलायची ना, अवश्य. इथे नवीन करा, इथे जुनी. टर्नरने उजवा हात टेबलावर ठेवला. अधिकाऱ्याने तो पाहिला, वाईट वाटल्याचं सांगितलं आणि नजर स्क्रीनवर नेली.

"पण मागच्याच महिन्यात तुमची जुनी सही आमच्याकडे आली आहे, जुळलीही आहे. म्हणजे थोडा त्रास घेतलात तर तुम्हाला येते."

त्याने फॉर्म काढून दाखवला. दोन वळसे, शेपटी, सगळं जागच्या जागी. टर्नरच्या सहीपेक्षा ती किंचित सरसच होती. टर्नरने शेजारी पासपोर्ट ठेवला आणि फॉर्मवरच्या तारखेला आपण कोणत्या देशात होतो ते पान उघडून दिलं. त्यावर अपघाताचा दाखला ठेवला.

अधिकारी उठला आणि त्याने केबिनचं दार लावलं. पाणी मागवलं. मग असं निघालं की नियमात सोय होतीच: खातेदाराचा अंगठा आणि बँकेच्या ओळखीचा एक साक्षीदार. ही सोय दोन महिने कुठे होती, हे टर्नरने विचारलं. अधिकारी म्हणाला की ती सहसा निरक्षरांसाठी असते. टर्नर आयुष्यभर ड्रॉइंगवरचा मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचत आला होता. तो म्हणाला, ठीक आहे, लिहा. साक्षीदार मी आणतो.

त्याने सांगितलं तसं अधिकाऱ्याने लिहून काढलं. अपघातानंतर खातेदाराला जुनी सही करता येत नाही. त्यानंतरच्या कागदांवरची ती सही त्याची नाही. तिसरं वाक्य घराच्या कर्जाचं होतं: जामीन म्हणून असलेली सहीही त्याची नाही. या वाक्यावर अधिकाऱ्याचं पेन अडखळलं. ती फाइल वेगळी असते, तो म्हणाला. टर्नरने पासपोर्ट पुन्हा उघडला, तेव्हा पेन चाललं.

मग टर्नरने दादाला फोन केला: बँकेत ये, साक्षीदार हवाय. दादा वीस मिनिटांत आला. इस्त्रीचा शर्ट, तोंडभर हसू. कळवायचंस तरी, गाडी घेऊन आलो असतो. हात बघून त्याचे डोळे खरोखर भरले; तो माणूस दगड नव्हता, फक्त थोरला होता. मग त्याने कागद वाचला.

"घरातली गोष्ट अशी चव्हाट्यावर आणतात का? खाल्लं का मी तुझं? कर्ज फिटत आलंय."

"माझ्या पैशांनी. माझ्या पैशांनी फिटणाऱ्या कर्जाला जामीन मी, आणि घर तुझं."

दादा टर्नरच्या बायकोकडे वळला. "अगं, तू तरी सांग त्याला."

"मी कसं सांगू? मला वहिनींमार्फत सांगायची सवय आहे."

अधिकारी पेपरवेट न्याहाळत होता. दादा खुर्चीच्या कडेवर बसला. आवाज खाली आणून त्याने विचारलं, म्हणजे भावाला तुरुंगात पाठवायचं ठरवलंयस का.

"ते ठरवलं असतं तर दुसरीकडे गेलो असतो. मी तुझ्याकडे सही मागतोय, दादा. तुझी स्वतःची. माझी पुष्कळ केलीस."

दादाने सही केली. ती अगदी साधी होती; वळसा नाही, शेपटी नाही. अधिकाऱ्याने ती दादाच्या खात्याच्या कार्डाशी लावून पाहिली आणि सवयीने "जुळली" म्हणाला. टर्नरने शाईच्या पॅडवर अंगठा दाबून कागदावर उमटवला, रुमालाने पुसला आणि नव्या सहीचं कार्ड मागितलं.

त्यावर तीन सह्या करायच्या होत्या. कार्ड हलू नये म्हणून बायकोने ते दोन बोटांनी धरलं. दार आता उघडलं होतं आणि बाहेर रांगेतलं कोणीतरी वेळेबद्दल बोलत होतं. दादा उंबरठ्यावर थांबला. जेवायला घरीच येताय ना, त्याने विचारलं. टर्नर दुसऱ्या सहीच्या मध्यावर होता.

"येऊ," बायको म्हणाली. "सामान न्यायला."

तिसरी सही संपली. अधिकाऱ्याने कार्ड उजेडात धरलं आणि चाचरत म्हणाला की तिन्ही एकमेकींशी तितक्याशा जुळत नाहीत.

"दुसरं कार्ड द्या," टर्नर म्हणाला, आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.