जिभेखालची गोळी

परवा रिक्षात कुणाच्या तरी बामचा वास आला, वडील पाठीला लावायचे तसाच, आणि त्यांच्यासोबतची एक सकाळ आठवली. पाठीच्या ऑपरेशननंतर सुरू झालेल्या दुखण्याच्या गोळ्या त्यांना दोन वर्षं सुटत नव्हत्या. डॉक्टरांनी बजावल्याप्रमाणे आदल्या दुपारपासून एकही न घेता ते माझ्यासोबत नाशिक रोडहून गंगापूर रोडच्या दवाखान्यात आले, तेव्हा सवयीची गोळी न मिळाल्याने त्यांचं नाक गळत होतं आणि एप्रिलच्या उन्हातही ते स्वेटर घालून कुडकुडत होते. “पोरी, घरी चल. मला नाही जमणार,” ते म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी ती सवय सोडवणारी एक छोटीशी गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवली. “पूर्ण विरघळेपर्यंत बोलायचं नाही, काका.” त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला आणि मी शाळेतून आल्यासारखी त्यांना काहीबाही सांगत राहिले. तासाभराने थरथर थांबली. “भूक लागली गं,” ते म्हणाले. बाहेरच्या गाडीवर पोहे खाता खाता त्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. “किती वाळलीस तू!” कित्येक महिन्यांत त्यांना मी दिसलेच नव्हते. पुढे दीड वर्षाने हळूहळू कमी करत ती गोळीही सुटली. त्या सकाळनंतर वडील मला आणखी सहा वर्षं मिळाले. मला ती फार कमी वाटतात.