आरपार दगड

भूकंपात टिकणारं घर कसं बांधावं, या पुस्तिकेची मांडणी मी लातूरला करत होतो. मजकूर एकच, पण छपाईसाठी आणि वेबसाइटसाठी स्टाइलशीट, म्हणजे अक्षर-चौकटी कशा दिसाव्यात ते ठरवणाऱ्या फाइली, वेगवेगळ्या. छापील अक्षर गवंड्यांना नीट वाचता येईल का, हे बघायला मी पानं निलंग्याला अण्णांकडे नेली. माझे वडील जन्मभर गवंडीकाम करत आलेले. त्र्याण्णवच्या भूकंपात माझी धाकटी बहीण त्यांनीच बांधलेल्या भिंतीखाली गेली होती.

‘जाड दगडी भिंतीचे आतले-बाहेरचे थर फुटून वेगळे होऊ नयेत म्हणून आरपार दगड घालावेत,’ या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

“अक्षर बारीक हाय का, अण्णा?”

“न्हाई, दिसायलंय. हे तवा कुणी सांगितलं न्हाई रं.”

परत आल्यावर दोन्ही स्टाइलशीटमध्ये मी अशा सूचनांना ठळक चौकट दिली. पुस्तिका छापून आल्यावर त्या चौकटीचं पान उघडून मी ती अण्णांपुढे धरली. अण्णांनी ती हातात घेतली नाही.